ओळखींची वही: कबड्डीतून फायनान्समध्ये येऊ पाहणाऱ्या मित्राला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, वय ३०. प्रो कबड्डीत तीन हंगाम खेळलो, डावा कोपरा. गेल्या वर्षी गुडघ्याचं एसीएल लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, या वेळच्या लिलावात कुणी घेतलं नाही. बी.कॉम. आहे, बाहेरून केलेलं. बाजूला १८ लाख आहेत. एका खासगी बँकेतून रिलेशनशिप मॅनेजरच्या जागेसाठी बोलावणं आलंय, ३५ हजार आणि वर इन्सेन्टिव्ह. गुरुवारी मुलाखत आहे. एक मित्र म्हणतो नोकरी कशाला, शेअर बाजारातले ऑप्शन्सचे सौदे शिकून घे, १८ लाखांवर महिन्याला लाख सहज सुटतील. आई म्हणते सरकारी बघ. तुम्ही खेळातूनच या धंद्यात आलात. काय करू?"

नोकरी घे. ऑप्शन्सचा विषय बंद कर. सरकारी भरतीची तयारी नोकरी सांभाळून चालू ठेव. आणि बँकेत रुजू झाल्यावर पहिलं वर्षभर ओळखीच्या एकाही खेळाडूला काहीही विकू नकोस. माझं उत्तर एवढंच आहे. पण यातलं शेवटचं वाक्य पाळायला सगळ्यात अवघड आहे, आणि ते न पाळल्याने माझ्या हातून जे झालं ते तुला आधी सांगतो.

मी लालबाग-परळच्या पट्ट्यात वाढलो, मंडळाच्या मातीवर खेळलो आणि पुढे सात वर्षं एका कंपनीच्या संघाकडून करारावर व्यावसायिक गटात खेळलो. लीग तेव्हा नव्हती. महिन्याला मानधन, स्पर्धा जिंकली तर बक्षिसाचा वाटा, आणि "पुढच्या वर्षी कायम करू" हे आश्वासन. खांदा दुसऱ्यांदा निखळला तेव्हा करार संपला. २००६ साली एका विमा कंपनीत सेल्स मॅनेजर म्हणून लागलो. मुलाखत दहा मिनिटांत झाली. साहेबांनी माझे सामने पाहिले होते आणि मला ते फार मोठं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक वही पुढे केली. म्हणाले, "दोनशे नावं लिही. नातेवाईक, मित्र, संघातली मुलं, मंडळ, चाळ, प्रशिक्षक, सगळे." या धंद्यात त्याला नॅचरल मार्केट म्हणतात आणि आजही नव्या माणसाचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू होतं. इतरांना ऐंशी-नव्वद नावांवर घाम फुटत होता. माझी दोनशे नावं दोन दिवसांत भरली. साहेब खूश झाले. मला वाटलं, आपण या कामाचे जन्मजात आहोत.

पुढच्या चौदा महिन्यांत मी ३१ युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या, पॉलिसी विकल्या आणि त्यातल्या बहुतेक खेळाडूंना. त्या काळातल्या युलिपमध्ये पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून मोठा वाटा खर्च म्हणून कापला जायचा. आमच्या त्या योजनेत तो ३० टक्के होता. म्हणजे ५० हजार भरले की बाजारात ३५ हजारच जायचे. हे माहितीपत्रकात छापलेलं होतं आणि मी ते नीट वाचलेलं नव्हतं. मला शिकवलेलं वाक्य होतं, "तीन वर्षं भरा, नंतर बघा." ते मी तसंच पुढे शिकवत गेलो.

आमच्या संघात एक उजवा कोपरा होता. माझ्याशेजारी सहा वर्षं साखळी धरून उभा राहिलेला. बक्षिसाचे पैसे आले तेव्हा त्याने सप्टेंबर २००७ मध्ये ५० हजारांचा पहिला हप्ता भरला, पुढच्या वर्षी दुसरा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेआठ हजारांवर आला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच्या आईचं ऑपरेशन निघालं. तो माझ्याकडे आला, कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, यातले किती मिळतील? तीन वर्षांच्या आत काहीच मिळत नव्हतं. त्याला कर्ज काढावं लागलं. तो मला एक शब्दही बोलला नाही. फॉर्मवर सही करताना त्याने फॉर्म वाचला नव्हता, कारण समोर मी बसलो होतो. हे मला अजून टोचतं.

म्हणून सांगतो, बँक तुला कशासाठी घेते आहे हे नीट समजून घे. तुझं बी.कॉम. बघून ते बोलावत नाहीत. तीन हंगाम टीव्हीवर दिसलेला चेहरा, फोनमधले दीड-दोन हजार नंबर, संघमालकांच्या कार्यालयातल्या ओळखी आणि लिलावात पैसे मिळालेली तरुण मुलं, हे सगळं त्यांना दिसतंय. यात गैर काही नाही. व्यापारी संस्था तसाच विचार करणार. पण ही वही एकदाच खर्च होते. धंदा कळायच्या आत ती उघडलीस तर दीड वर्षात संपेल आणि त्यानंतर तुझ्याकडे दाखवायला काही उरणार नाही. धंदा कळल्यावर उघडलीस तर त्याच वहीवर पुढची पंचवीस वर्षं निघतील.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरचा माणूस तुला सांगणार नाही, कारण त्याला ती माहीत नसते. आपण खेळाडू प्रशिक्षकाचं ऐकणारी माणसं आहोत. सर म्हणाले ॲडव्हान्स टॅकल नको, तर नको. सर म्हणाले सकाळी साडेपाचला मैदानावर, तर साडेपाचला. का, हे विचारायची सवय आपल्याला नाही आणि खेळात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, कारण सर आणि तू एकाच निकालासाठी उभे असता. बँकेतला शाखाधिकारी सकाळच्या हडलमध्ये अगदी सरांसारखाच बोलेल. टार्गेट, संघभावना, शेवटचा आठवडा, मार्चअखेर, "तू तर खेळाडू आहेस, तू हरणार?" हे ऐकलं की तुझं अंग आपोआप तयार होईल. तिथे थांब. मैदानावर समोर प्रतिस्पर्धी असतो. इथे समोर निवृत्त शिक्षिका बसलेली असते, तिची एफडी मुदत संपून खात्यावर आलेली असते, आणि त्या एफडीची विमा पॉलिसी करायची की नाही हा प्रश्न असतो. तिला हरवायचं नाहीये. माझ्या पाहण्यातले जे खेळाडू या क्षेत्रात वाईट अडकले ते आळशी नव्हते, फार आज्ञाधारक होते.

आता खेळातून खरंच काय उपयोगी पडतं ते सांगतो, कारण मुलाखतीत "शिस्त, जिद्द, सांघिक वृत्ती" असं सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यातलं काहीच राहत नाही.

कोपरा खेळणाऱ्याला थांबता येतं. चढाईपटू हात दाखवतो, पाय दाखवतो, बोनसची हूल देतो, आणि तू जागेवर असतोस. आधी उडी घेतलीस की गुण गेला. मार्च २०२० आठव. जानेवारीत ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात माझा फोन सकाळी सातपासून वाजायचा. लोकांना माहिती नको होती, माहिती टीव्हीवर होतीच. त्यांना समोरचा आवाज घाबरलेला आहे का, हे ऐकायचं होतं. मी प्रत्येकाला एकच विचारत होतो: हे पैसे तुम्हाला पुढच्या तीन वर्षांत लागणार आहेत का? नाही म्हणाले तर, मग आज काही करायचं नाही. लागणार असतील तर तेवढे काढू. दोन-तीन कुटुंबांनी ऐकलं नाही, बाकीचे थांबले. हे थांबणं मला कुठल्या परीक्षेने शिकवलेलं नाही.

दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंग पाहायची सवय. हरलेल्या सामन्याचं चित्रण सगळ्यांसमोर बसून पाहिलंय तू, आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली आहेस. या धंद्यात ही सवय फार कमी लोकांना असते. मी दर दिवाळीनंतर मागच्या वर्षी दिलेले सगळे सल्ले काढून बसतो आणि कुठे चुकलो ते लिहितो. हे लिहिणं मी २००९ पासून सोडलेलं नाही.

आड येणाऱ्या गोष्टीही आहेत. आपल्याला निकाल त्याच दिवशी हवा असतो. ४० मिनिटांत खेळ संपतो, फलकावर आकडा असतो. इथे केलेल्या कामाचं फळ सात वर्षांनी दिसतं आणि दरम्यान कुणी टाळी वाजवत नाही. तुझ्या मित्राची ऑप्शन्सची गोष्ट खेळाडूंना म्हणूनच ओढते: रोज सामना, रोज निकाल. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. बाकीच्या सात टक्क्यांत आपण असू, असं प्रत्येक खेळाडूला वाटतं, कारण आपण आयुष्यभर निवड चाचणीत त्याच सात टक्क्यांत आलेलो असतो. पण तिथे समोरच्या बाजूला कोण चढाई करतोय ते दिसत नाही. तो बहुतेक वेळा मोठ्या संस्थेचा संगणक असतो.

त्याच्याच जोडीचा एक इशारा. तुझे इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स असतील. कुणीतरी येईल आणि म्हणेल, आमच्या ट्रेडिंग ॲपचं, टेलिग्राम चॅनेलचं एक रील कर, पैसे देतो. करू नकोस. नोंदणी नसलेल्या माणसाने शेअरच्या शिफारशी देणं सेबीला चालत नाही आणि नोंदणीकृत संस्थांनी अशा लोकांशी व्यवहार ठेवू नये असा नियम २०२४ मध्ये आलेला आहे. एका रीलसाठी पुढचं सगळं करिअर अडकवून घेऊ नकोस.

आईचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्नच पडत नव्हता. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून आलेले अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत होते. गुंडाप्पा विश्वनाथही स्टेट बँकेतलेच. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेला बँकांचे संघ उतरायचे, कबड्डीच्या व्यावसायिक गटात बँका, रेल्वे, पोलीस, बंदर असायचे. खेळ आणि पगार एकाच दारातून यायचे. पण मी पाहिलंय, त्या दारातूनही दोन प्रकारची माणसं बाहेर पडली. काहीजण पस्तिशीपर्यंत स्पर्धांच्या रजेवर राहिले, खेळ संपल्यावर काउंटरवर बसले तेव्हा त्यांना खतावणी कळत नव्हती, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. काहींनी खेळता खेळता जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा दिली, मग तिच्या पुढची सीएआयआयबी दिली, वेतनवाढी घेतल्या आणि शाखाधिकारी होऊन बाहेर पडले. दोघांचा खेळ सारखाच होता.

आता त्या जागा आटल्या आहेत. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, पुढच्या वर्षी त्याच तारखेला आणखी सहा सरकारी बँका इतरांत विलीन झाल्या. बँका कमी झाल्या तसे संघही कमी झाले. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते जरूर बघ. पण तिथे लीगचा करार दाखवून भागत नाही. मान्यताप्राप्त संघटनांच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी व्हावी लागते. तुझ्याकडे वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर पडताळणी आत्ताच करून ठेव. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणारी मुलं दर वर्षी पाहतो.

बँकेत गेल्यावर पहिले सहा महिने अभ्यासाचे. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज पाच-ए ही परीक्षा लागते: १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पास झालास की बँकेच्या नावाखाली तुझा ईयूआयएन, म्हणजे विक्री करणाऱ्याचा ओळख क्रमांक, निघेल. विमा विकायला वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते बँकच करून घेईल. पाच-ए ही परीक्षा लोक प्रश्नसंच पाठ करून आठवड्यात पास होतात. तू तसं करू नकोस. एनआयएसएमचं पुस्तक दोनदा वाच, कारण पुढे गिऱ्हाईक जे विचारतं ते सगळं त्यात आहे: लवकर पैसे काढल्यावरचा एक्झिट लोड कधी लागतो, डायरेक्ट आणि रेग्युलर योजनेत फरक काय, डेट फंडात पैसे का घटू शकतात.

परीक्षेत न येणाऱ्या तीन गोष्टी घरी शीक. एक्सेलमध्ये एक्सआयआरआर, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना भरलेल्या पैशांवरचा वार्षिक परतावा, काढायला शीक, म्हणजे कुठल्याही जुन्या पॉलिसीने खरं किती टक्के दिलं ते दोन मिनिटांत दिसेल. गृहकर्जाचं वेळापत्रक स्वतः मांडायला शीक. पहिल्या वर्षांत हप्त्यातला किती भाग व्याजात जातो ते एकदा हाताने काढलंस की आयुष्यभर विसरणार नाहीस. आणि एकत्रित गुंतवणुकीचं स्टेटमेंट, ज्याला आम्ही कॅस म्हणतो, ते ओळीनं वाचायला शीक. तुझ्या शेजारी २३ वर्षांचे एमबीए बसतील. ते इंग्रजी भराभर बोलतील, स्लाइड छान करतील. तुला लाज वाटेल, मला वाटली होती. पण हे तीन हिशेब हाताने करणारे त्यांच्यात कमीच सापडतात. दोन वर्षांनी मन रमलं तर सीएफपी हा आर्थिक नियोजनाचा अभ्यासक्रम कर. सीएफए संशोधन आणि फंड व्यवस्थापनाकडे जाणाऱ्यांसाठी आहे. तुझ्या कामाला सीएफपी जवळचं.

खेळाडूला मोठ्या जागा मिळत नाहीत असं समजू नकोस. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून दोनदा सुपर बोल जिंकलेला जस्टिन टक निवृत्तीनंतर व्हार्टनला एमबीएला बसला, २०१८ मध्ये पदवी घेतली आणि गोल्डमन सॅक्समध्ये श्रीमंत कुटुंबांच्या संपत्तीचं काम करू लागला. ऑस्ट्रेलियाकडून कसोटीत सलामीला खेळलेला एड कोवन गुंतवणूक संस्थेत गेला. टकचं उदाहरण मी मुलांना देतो ते एवढ्यासाठी की दोन विजेतेपदं खिशात असलेला माणूस तिशीनंतर पुन्हा वर्गात जाऊन बसला.

बँकेत कायम राहायचं की नाही, हे तीन वर्षांनी ठरव. माझा स्वतःचा मार्ग वितरकाचा. २००९ च्या सुरुवातीला मी विमा कंपनी सोडली, परीक्षा दिली आणि स्वतःच्या एआरएनवर, म्हणजे वितरकाच्या नोंदणी क्रमांकावर, म्युच्युअल फंड करू लागलो. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने एंट्री लोड बंद केला. तोपर्यंत गुंतवणुकीतून २.२५ टक्क्यांपर्यंत कापून त्यातून वितरकाला पैसे मिळायचे, ते एका दिवसात थांबलं. माझ्याबरोबरच्या अनेकांनी धंदा सोडला. आमचं घर दोन वर्षं बायकोच्या पगारावर आणि संध्याकाळी मंडळात मुलांना शिकवून मिळणाऱ्या मानधनावर चाललं. ऑक्टोबर २०१८ मध्ये उरलेलं आगाऊ कमिशनही बंद झालं आणि फक्त ट्रेल राहिलं, म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे फंडात जितके दिवस राहतील तितके दिवस थोडं थोडं. त्या वेळी कुरकूर केली, आज मी म्हणतो की दोन्ही निर्णय योग्य होते. माझं आणि गिऱ्हाईकाचं हित त्यांनी बरंच जवळ आणलं.

हिशेब मांडून दाखवतो, कारण या मार्गाबद्दल खोटी स्वप्नं फार विकली जातात. ट्रेल सरासरी ०.८ टक्के धर. एक कोटी रुपये तुझ्या एआरएनवर असतील तर वर्षाला ८० हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. महिन्याला ५० हजार हवेत तर साडेसात कोटी लागतात. २०० कुटुंबांनी दरमहा पाच हजारांची एसआयपी केली तर वर्षाला १ कोटी २० लाख जमतात. बाजाराची वाढ आणि लोकांनी मध्येच काढलेले पैसे दोन्ही धरले तर पाच-सहा वर्षं कुठे गेली नाहीत, आणि दोनशे कुटुंबं काही पहिल्या दिवशी येत नाहीत. म्हणून आधी पगार. नोकरीत असताना बायकोच्या किंवा भावाच्या नावावर एआरएन काढून आडून धंदा करणारे भेटतील. तू त्या वाटेला जाऊ नकोस, बँकेला कळलं की नोकरी आणि नाव दोन्ही जातं. वितरक झालास तर कार्डावर "सल्लागार" छापायचं नाही, हेही लक्षात ठेव. सल्ल्याची फी घ्यायची तर सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून वेगळी नोंदणी लागते.

आणि मग येते ती वही. वर्षभराने उघडशील तेव्हा खेळाडूंना काय लागतं ते तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. वर्तमानपत्रात पवन सेहरावतचे २ कोटी ६० लाख छापून येतात, आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये मिळालेले १ कोटी ४५ लाख छापून येतात. पण प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती, आणि बरीच मुलं त्या टोकाला असतात. ते ९ लाख तीन महिन्यांत येतात आणि पुढच्या वर्षीचं कुणीच सांगू शकत नाही. १० टक्के टीडीएस कापून पैसे आले की पोरांना वाटतं कर भरून झाला. मोठ्या रकमेवर तो पुरत नाही, आगाऊ कर भरावा लागतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. हे त्यांना कुणी सांगत नाही. थेट नोटीस येते. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा सांगतात, खेळाडूला मी दोन वर्षांचा सांगतो. अपघात विमा घेताना कलमं वाच, कारण काही पॉलिसींत व्यावसायिक खेळात झालेली दुखापत वगळलेली असते. ज्या एका कारणासाठी तो विमा घेतोय तेच कलमात बाहेर ठेवलेलं असतं. ते कलम बोट ठेवून वाचून दाखवणारा माणूस त्या मुलांना हवा आहे.

जास्त कमावलं म्हणजे वाचलो असंही नसतं. अमेरिकेतल्या एनएफएलच्या खेळाडूंवर २०१५ साली एक अभ्यास झाला. निवृत्तीनंतर १२ वर्षांत सुमारे १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरी जाहीर केली होती, आणि करिअर किती लांब होतं किंवा पैसे किती मिळाले याने तो धोका फारसा कमी झाला नव्हता. मी हे दर हंगामाआधी मंडळातल्या मुलांना सांगतो. बहुतेक जण त्या वेळी ऐकत नाहीत, पण दोन वर्षांनी त्यातला एखादा फोन करतो.

तुझ्या १८ लाखांबद्दल थोडक्यात. आधी सी.ए.कडे जाऊन तीनही हंगामांचा कर नीट भरलाय का ते बघ. घरचा दोन वर्षांचा खर्च एफडीत आणि लिक्विड फंडात ठेव. संघाचा विमा संपला असेल, तर स्वतःचा आणि आईचा आरोग्य विमा या महिन्यात घे. प्रस्तावात गुडघ्याचं ऑपरेशन लपवू नकोस, दावा नाकारायला तेवढं एक कारण पुरतं. घरावर महागडं कर्ज असेल तर ते फेड. उरेल ते वर्षभरात हप्त्याहप्त्याने निर्देशांक फंडात जाऊ दे, आणि गावाकडे दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकायचा विचार असेल तर तो दोन वर्षं पुढे ढकल.

माझ्या त्या उजव्या कोपऱ्याचं विचारशील. मी कंपनी सोडली तेव्हा त्याच्या हप्त्यांतून खर्चात गेलेली रक्कम काढली आणि तीन वर्षांत थोडी थोडी करून त्याला दिली. तो घेत नव्हता. त्याच्या बायकोने, वहिनींनी, घेतली आणि पावती मागितली. मी पावती दिली. २०१४ साली त्याने मुलीच्या शिक्षणासाठी तीन हजारांची एसआयपी सुरू केली, फॉर्म पूर्ण वाचून, दोन प्रश्न विचारून. ती आजही चालू आहे.

गुरुवारच्या मुलाखतीत तू त्यांना तीन गोष्टी विचार. मला बँकेचे आधीचे ग्राहक सांभाळायला देणार, की सगळे मीच आणायचे? इन्सेन्टिव्हमधला किती भाग विमा विकण्यावर आहे? आणि प्रशिक्षणाचे पहिले किती महिने टार्गेटशिवाय असतील? पहिल्याचं उत्तर "सगळे तुम्हीच आणा" आणि तिसऱ्याचं "एकही नाही" असं आलं तर ती जागा सोड, दुसरी मिळेल. तुझ्या नावाला अजून वर्ष-दीड वर्ष बोलावणी येत राहतील. उत्तरं ठीक वाटली तर रुजू व्हायची तारीख गुडघ्याच्या नवव्या महिन्याच्या तपासणीनंतरची माग. या कामात दिवसभर दुचाकीवर फिरावं लागतं आणि ग्राहकांच्या इमारतींना लिफ्ट असतेच असं नाही.